पाळक कोणी नेमायचा?

हावड्याकडून नागपूरकडे येणारी गाडी छत्तीसगड सोडते आणि दरेकसाच्या बोगद्यात शिरते. तो ओलांडला की गोंदिया जिल्ह्याचा सालेकसा तालुका सुरू होतो. उतारूंना बोगद्याचं कौतुक असतं, पण जाणत्याचं लक्ष त्या डोंगरात जवळच असलेल्या कचारगडच्या गुहेकडे असतं. माघ पौर्णिमेला तिथे गोंड समाजाची मोठी जत्रा भरते. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, जिथे जिथे गोंड आहेत तिथून माणसं येतात, पिवळे झेंडे डोंगर चढतात आणि पारी कुपार लिंगोचा जयजयकार होतो. कोया पुनेम, म्हणजे गोंडांचा धर्म, मानणाऱ्यांचं हे आद्यस्थान. यात ख्रिस्ती धर्माचा संबंध कुठून आला, असं कोणालाही वाटेल.

संबंध आहे, आणि तो चांगला दीडशे वर्षांपूर्वीचा आहे. परधान गायक किंगरीच्या साथीने लिंगोची जी गाथा पिढ्यान् पिढ्या गात आले, ती छापील रूपात जगापुढे आली १८६६ साली. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी ती प्रसिद्ध केली, पण टिपणं त्यांची नव्हती. ती नागपूरच्या एका पाद्र्याची होती आणि तीन वर्षांपूर्वीच तो बुडून मेला होता. स्टीफन हिस्लॉप हे त्याचं नाव. त्या गाथेत ‘काचीकोपा लोहागड’ असं एक ठिकाण येतं. आजचे गोंड भाविक आणि अभ्यासक त्याचा मेळ कचारगडशी घालतात. नागपुरात हिस्लॉप कॉलेज सगळ्यांना ठाऊक आहे. पण हा माणूस कुठल्या पंथाचा होता आणि कुठल्या भांडणातून इकडे आला, हे विचारलं तर नागपूरकरही गप्प होतात. म्हणून आधी ते भांडणच सांगतो. तसं ते साधं होतं. गावच्या मंडळीचा पाळक कोणी नेमायचा?

स्कॉटलंडमध्ये १५६० च्या सुमारास जॉन नॉक्सने रोमशी संबंध तोडला आणि जिनिव्हाच्या कॅल्व्हिनची शिकवण आणली. पवित्र शास्त्र हाच शेवटचा अधिकार, तारण केवळ देवाच्या कृपेने, संस्कार दोनच: बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. पुढे १६४७ साली वेस्टमिन्स्टरची प्रश्नोत्तरावली झाली. तिच्या लहान आवृत्तीत १०७ प्रश्न आहेत, आणि आपल्याकडे पोरं जसे पाढे म्हणत तशी स्कॉटिश पोरं ती घोकत. पण या पंथाला नाव मिळालं ते शिकवणुकीवरून नाही, कारभारावरून. ‘प्रेस्बिटर’ म्हणजे वडील. मंडळी काही कर्त्या माणसांना वडील म्हणून निवडते. पाळक आणि वडील मिळून सेशन होतं. आसपासच्या मंडळ्यांचे पाळक आणि वडील एकत्र आले की प्रेस्बिटरी, तिच्यावर सिनॉड, सगळ्यांवर जनरल असेंब्ली. आपल्या पंचायतीची चढती भाजणीच म्हणा ना. या उतरंडीत बिशप नावाचा माणूस कुठेच बसत नाही. राजाने तो बसवायचा प्रयत्न केला तेव्हा काय झालं, याची एक गोष्ट स्कॉटिश माणूस अजून रंगवून सांगतो. १६३७ च्या जुलैत एडिंबरोच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये नवं प्रार्थनापुस्तक वाचायला घेतलं, तर जेनी गेडिस नावाच्या भाजीवालीने बसायचं तिवईसारखं स्टूल उचलून वाचणाऱ्याच्या डोक्याकडे भिरकावलं. बाईचं नाव खरं की दंतकथेतलं, यावर विद्वान वाद घालोत. दंगल मात्र झाली.

बिशप गेले, पण जमीनदार राहिले. १७१२ च्या कायद्याने गावच्या चर्चवर पाळक सुचवण्याचा हक्क तिथल्या सरदार-जमीनदाराला मिळाला. वतनदारीच ती. ऑक्टरार्डर नावाच्या गावात १८३४ साली जमीनदाराने एक तरुण पाळक म्हणून पुढे केला. मंडळीतल्या ३३० कुटुंबप्रमुखांपैकी २८७ जणांनी ‘हा नको’ म्हणून नावं नोंदवली. प्रेस्बिटरीने गावाचं ऐकलं, तरुण कोर्टात गेला, आणि कोर्टाने, शेवटी लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनेही, निकाल जमीनदाराच्या बाजूने दिला. म्हणजे देवाच्या मंडळीत शेवटचा शब्द कायद्याचा. हे ज्यांना गिळता येईना त्यांनी १८ मे १८४३ रोजी एडिंबरोत असेंब्ली भरत असतानाच निषेधपत्र वाचलं आणि चालू लागले. पुढे टॅनफील्डच्या सभागृहात त्यांनी स्वतःची असेंब्ली भरवली. टॉमस चामर्स अध्यक्ष झाले. एकूण ४७४ पाळकांनी सरकारी पगार, राहतं घर आणि चर्चची इमारत सोडली. त्यांच्या नव्या मंडळीचं नाव फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड. ‘फ्री’ म्हणजे जमीनदारापासून मोकळी.

या मंडळींना देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. नव्या चर्चसाठी पैसे हवेत म्हणून त्यांनी अमेरिकेतल्या गुलामांच्या मालकांकडूनही देणग्या घेतल्या, आणि १८४६ मध्ये फ्रेडरिक डग्लस, जो स्वतः गुलामीतून पळालेला होता, स्कॉटलंडभर ‘पैसे परत करा’ म्हणत फिरला. पैसे परत गेले नाहीत. स्वातंत्र्याची व्याख्या ज्याची त्याला सोयीची असते.

भारतातले स्कॉटिश मिशनरी, कलकत्त्याचे डफ आणि मुंबईचे जॉन विल्सन यांच्यासह, सगळे फ्री चर्चकडे गेले. इमारती मात्र जुन्या चर्चकडे राहिल्या, तेव्हा यांना शाळा नव्याने उभ्या कराव्या लागल्या. अशा ओढाताणीच्या दिवसांत कामठीच्या छावणीतल्या विल्यम हिल या लष्करी अधिकाऱ्याने नागपूर भागात मिशन काढायला देणगी देऊ केली आणि फ्री चर्चने ती उचलली. सत्तावीस वर्षांचा हिस्लॉप १८४४ च्या डिसेंबरात मुंबईला उतरला आणि नव्या वर्षात नागपूरला पोचला. तेव्हा नागपूर भोसल्यांचं होतं, इंग्रजी राज्य यायला अजून नऊ वर्षं होती.

या भागात येणारा तो पहिला प्रॉटेस्टंट मिशनरी नव्हता. १८४२ साली बर्लिनच्या गॉस्नर यांनी पाठवलेली काही जर्मन माणसं, कोणी कारागीर, कोणी शेतकरी, अमरकंटकजवळच्या करंजियाला गोंडांमध्ये राहायला गेली होती. पहिल्याच पावसाळ्यात पटकीने त्यांतली बरीचशी चार दिवसांत गेली. वाचलेल्यांची कहाणी हिस्लॉपला ठाऊक होती, आणि त्यामुळेच असेल, त्याने मुक्काम जंगलात न टाकता शहरात टाकला, शाळा काढली आणि गोंडांकडे थंडीच्या दौऱ्यांत जाऊ लागला. या दौऱ्यांत तो दगड फोडी. सहकारी रॉबर्ट हंटर आणि त्याने मिळून नागपूरच्या आसपासच्या खडकांवर आणि जीवाश्मांवर जे लिहिलं ते १८५५ मध्ये लंडनच्या भूगर्भशास्त्राच्या नियतकालिकात आलं. हिस्लोपाइट नावाचं खनिज त्याच्याच नावाचं. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना बोरीजवळ पूर आलेल्या ओढ्यात तो घोड्यासकट सापडला आणि बुडाला. वय पंचेचाळीस. टेंपलसाहेब त्या दौऱ्यात होते, म्हणून टिपणं वाचली आणि लिंगोची गाथा राहिली.

एक गोष्ट मला नेहमी खटकते. ज्याच्या चर्चने ‘आमचा पाळक आम्ही निवडू’ म्हणून घरदार सोडलं, त्या चर्चच्या नागपुरातल्या कारभारात हा हक्क देशी मंडळीला कितपत होता? कागदावर होता. सेशन, प्रेस्बिटरी, वडील, सगळं इथेही स्थापन झालं. पण पगार, शाळा, जागा हे सगळं मिशनच्या परदेशी मंडळींच्या हातात, आणि त्यांची वेगळी बैठक. प्रेस्बिटरी ठराव करी, तिजोरी दुसरीकडे असे. जमीनदार गेला होता, त्याच्या जागी मिशन बसलं होतं. हे मिशनऱ्यांनाही कळत होतं, पण सुटका व्हायला पिढ्या लागल्या.

१८८२ हे साल गोंदिया जिल्ह्याच्या दृष्टीने दोन कारणांनी महत्त्वाचं. त्या वर्षी फ्री चर्चने भंडाऱ्याला ठाणं घातलं, पुढे तिथे मिशनचा दवाखाना नावारूपाला आला. आणि त्याच वर्षी नागपूरहून निघालेला छत्तीसगडचा लहान रूळमार्ग राजनांदगावला पोचला. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडाऱ्याचाच भाग होता, आणि १ मे १९९९ पर्यंत राहिला. वैनगंगेच्या या खोऱ्यात तळी, धानाची बांधी, पोवार-कुणबी-गोंड-कोहळी वस्ती. इथे स्कॉटिश उपासना कशी रुजणार होती? फ्री चर्चचे लोक स्तोत्रं गात तीसुद्धा वाद्याशिवाय. चर्चमध्ये ऑर्गन वाजवायला त्यांच्या असेंब्लीने मुभा दिली ती १८८३ साली, म्हणजे नागपूरला हिस्लॉप कॉलेज सुरू झालं त्याच वर्षी. इकडे मात्र माणसाला टाळ आणि मृदंगाशिवाय देव भेटत नाही.

ही अडचण ज्याने सोडवली तो या रेल्वेनेच आला होता. बेंगाल नागपूर रेल्वेने १८८७ नंतर हा मार्ग घेऊन रूळ मोठे केले आणि १८९३ मध्ये कवी नारायण वामन टिळक नोकरीच्या शोधात राजनांदगावच्या संस्थानाकडे निघाले. नाशिकहून जायचं तर नागपूर, भंडारा रोड, गोंदिया, दरेकसा हीच वाट. या प्रवासात डब्यात एक गोरा गृहस्थ भेटला, बोलता बोलता त्याने टिळकांना पवित्र शास्त्राची प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं, ही हकीकत मराठी वाचकांना पाठ आहे. त्या गृहस्थाचं नाव चरित्रग्रंथांत अर्नेस्ट वॉर्ड असं येतं. तो फ्री मेथडिस्ट होता. इथे पुन्हा ‘फ्री’, पण भांडण निराळं. अमेरिकेतल्या मेथडिस्ट चर्चमध्ये पुढची बाकं भाड्याने दिली जात, श्रीमंत पुढे आणि गरीब मागे. ते न पटलेली माणसं १८६० मध्ये बाहेर पडली, बाकं सगळ्यांना मोफत, आणि गुलामगिरीलाही विरोध. आपल्याकडे देवळात कोण कुठपर्यंत जाणार यावर किती रक्त आटलं, हे जाणणाऱ्याला बाकांवरून फुटलेला पंथ हास्यास्पद वाटू नये.

टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तो १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत, अमेरिकन मराठी मिशनमध्ये. ही मंडळी काँग्रिगेशनल. त्यांचं उत्तर आणखी वेगळं. प्रत्येक गावची मंडळी स्वयंपूर्ण, तिच्यावर प्रेस्बिटरीही नको आणि बिशपही नको, पाळक तिनेच ठरवायचा. तत्त्व झकास. पण टिळक जिथे काम करीत त्या अहमदनगर जिल्ह्यातल्या गरीब मंडळ्यांचे पाळक मिशनच्या पगारावर जगत होते, तेव्हा मालक कोण हे सांगायला नको. टिळकांनी अभंग, ओव्या, कीर्तन उपासनेत आणलं आणि मराठी ख्रिस्ती माणसाला देवाशी आपल्या भाषेत बोलता येऊ लागलं. वैनगंगेकाठच्या मंडळ्यांतही त्यांची गीतं गेली. कारभार मात्र साहेबीच राहिला. म्हणून १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, भगवी वस्त्रं घेतली आणि ‘देवाचा दरबार’ काढला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला दोघांनाही जागा होती. दोन वर्षांत, ९ मे १९१९ ला, ते गेले. दरबार पुढे टिकला नाही. माझ्या मते त्या काळातला चर्चच्या कारभारावरचा सर्वांत जिवंत विचार तोच होता, आणि त्यावर सर्वांत कमी बोललं गेलं आहे.

गोंदियाचं म्हणाल तर ते गाव रेल्वेचंच लेकरू. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इथून जबलपूरकडे आणि नागभीडकडे अरुंद रूळ गेले आणि गोंदिया जंक्शन झालं. इंजिनं, शेड, फिटर, गार्ड, फायरमन, आणि त्यांच्यात ख्रिस्ती कुटुंबं. रेल्वेच्या गावांत पाय रोवण्यात अमेरिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च तरबेज. त्यांच्या नागपूर डिस्ट्रिक्टमध्ये गोंदिया हे एक ठाणं होतं. त्यांचं उत्तर स्कॉटिशांच्या अगदी उलट. मेथडिस्टांकडे बिशप आहे, आणि पाळकाची नेमणूक बिशप करतो. वर्षातून एकदा परिषद भरते, शेवटी नेमणुकांची यादी वाचली जाते, आणि अमुक पाळक अमुक गावी, असं ऐकून माणसं बिछाना बांधायला घेतात. मंडळीने बोलावणं पाठवायची पद्धत नाही. जॉन वेस्लीने अठराव्या शतकात घोड्यावरून फिरणारे उपदेशक नेमले, तेव्हापासूनचा हा शिरस्ता. रेल्वेच्या माणसाला तो पटकन पटला असेल, त्याचीही बदली अशीच वरून होते.

त्यातच अँग्लिकन होते. नागपूरला त्यांचा वेगळा धर्मप्रांत १९०३ मध्ये झाला, आणि पहिले बिशप आयर चॅटर्टन यांनी १९१६ मध्ये गोंडवनाची कथा इंग्रजीत पुस्तकरूपाने लिहिली. म्हणजे मराठी मुलखात एकाच येशूचे अनुयायी, आणि ‘पाळक कोणी नेमायचा’ या प्रश्नाला चार उत्तरं. खेड्यातल्या माणसाला या चार वेगळ्या चुली कशाला? त्याने येशूचं नाव घेतलं होतं, एडिंबरोचं किंवा न्यूयॉर्कचं नव्हे.

स्कॉटलंडमध्ये तोवर बरंच पाणी वाहून गेलं होतं. जमीनदाराचा तो हक्क पार्लमेंटने १८७४ मध्येच रद्द केला. फ्री चर्च १९०० साली दुसऱ्या एका पंथाला मिळून युनायटेड फ्री चर्च झालं आणि १९२९ मध्ये जुन्या चर्चमध्येच परतलं. इकडे १९२४ मध्ये प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल एकत्र येऊन उत्तर हिंदुस्थानची संयुक्त मंडळी झाली. हिस्लॉपचं नागपूर आणि टिळकांचं नगर एका छपराखाली आलं. पण खरा गुंता पुढे होता. १९२९ मध्ये लखनौला एकीच्या वाटाघाटी सुरू झाल्या आणि एकेचाळीस वर्षं चालल्या. दक्षिणेत २७ सप्टेंबर १९४७ ला चर्च ऑफ साउथ इंडिया झालं, पण तिथे जुने पाळक जसे होते तसे घेऊन नव्या पिढीबरोबर एकी पूर्ण होऊ द्यायची, असा मार्ग होता. उत्तरेला ते मान्य नव्हतं. पहिल्याच दिवशी सगळे सारखे हवेत.

मग दोन गाठी सोडवाव्या लागल्या. पहिली बाप्तिस्म्याची. बॅप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत, बाकीचे देतात. ठरलं असं की दोन्ही रीती राहतील. दुसरी गाठ बिशपची, आणि ती अधिक घट्ट. अँग्लिकनांना बिशपशिवाय चर्च चर्चच वाटत नव्हतं. प्रेस्बिटेरियनांच्या कानात जेनी गेडिसचं स्टूल अजून वाजत होतं. तोडगा निघाला तो असा: बिशप असेल, पण निवडून आलेला आणि घटनेने बांधलेला. आणि सगळ्या पंथांचे धर्मसेवक एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतील, कोणाची दीक्षा कमी होती की पुरी होती हे कोणीही विचारायचं नाही. त्या विधीने नेमकं काय घडतं, हे मुद्दाम देवावर सोडलं. धर्मशास्त्र्यांनी यावर नाकं मुरडली. मला तो शहाणपणा वाटतो.

२९ नोव्हेंबर १९७० ला, नागपूरच्या सदरमधल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा जन्म झाला. सहा चर्च एक झाले: अँग्लिकन, संयुक्त मंडळी, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स, आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेतले मेथडिस्ट. स्टूल फेकल्याला ३३३ वर्षं झाली होती, आणि हिस्लॉपच्या गावी हिस्लॉपच्या मंडळीने बिशप स्वीकारला. कारभार असा: गावपातळीवर पास्टरेट आणि तिची निवडलेली कमिटी, तिच्यावर धर्मप्रांताची कौन्सिल, सगळ्यांवर तीन वर्षांनी भरणारं सिनॉड. वडिलांची पंचायत आणि बिशपची गादी एकाच मांडवाखाली. ही व्यवस्था निर्दोष आहे असं नाही. जमिनी आणि निवडणुका यांवरून ख्रिस्ती मंडळ्यांत कोर्टकज्जे होतात ते सर्वांना दिसतात. पण गावच्या माणसाच्या मताला कागदावर जागा आहे, आणि तो कागद ऑक्टरार्डरच्या २८७ जणांपासून निघालेला आहे.

मांडवात सातवी खुर्ची रिकामी राहिली. अमेरिकन परंपरेचं मेथडिस्ट चर्च, गोंदियाला ज्याचं ठाणं होतं तेच, वाटाघाटीत शेवटपर्यंत होतं आणि काही महिने उरले असताना बाहेर पडलं. पुढे ७ जानेवारी १९८१ रोजी ते मेथडिस्ट चर्च इन इंडिया म्हणून स्वायत्त झालं. तिथे बिशपची निवडणूक सर्वसाधारण परिषदेत होते, आणि पाळकांच्या नेमणुका बिशपच करतो.